नंतर काढणे

ओळ क्रमांक १,१८६. त्या प्रोग्रॅममधलं बाकी फारसं काही आता आठवत नाही, ही ओळ मात्र आठवते. जिल्ह्याचा संकेतांक १७ असेल तर वयाची अट ६५ ऐवजी ६० धरावी, एवढंच तिचं म्हणणं. वरती कुणीतरी शेरा लिहून ठेवला होता: "तात्पुरते. साहेबांच्या तोंडी सूचनेवरून. नंतर काढणे." शेजारी तारीख. मी त्या कामावर रुजू झाले तेव्हा त्या तारखेला अकरा वर्षं उलटून गेली होती.

एका सरकारी खात्याची मासिक सहाय्याची योजना होती. म्हातारी माणसं, विधवा, ज्यांना दुसरा आधार नाही अशी. मी खात्याची नव्हते, देखभालीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीची होते आणि ही अशी तिसरी कंपनी. पहिलीनं प्रणाली लिहिली, दुसरीनं ठिगळं लावली आणि आमच्या हाती सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, आला तो एका झिप फाइलमध्ये. फाइलचं नाव 'फायनल_नवीन_२_वापरणे'. त्या झिपमधला कोड आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर चालणारा कोड एकच आहे का, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. (नव्हता. ते तीन महिन्यांनी कळलं, आणि ज्या पद्धतीनं कळलं ती आठवण इथे नको.)

तर १७ का? कागदपत्रांत काही नव्हतं. आधीच्या कंपनीतल्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, "आम्ही आलो तेव्हापासून आहे, हात लावू नका." शेवटी कुणीतरी म्हणालं, ताईंना विचारा. ताई म्हणजे खात्यातल्या वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्या. त्यांना संगणकाचं प्रेम नव्हतं, पण योजनेचा एकही कागद असा नव्हता की जो त्यांच्या हाताखालून गेला नसेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर न बघताच म्हणाल्या, "अगं, त्या वर्षी तिथे पूर आला होता. सवलत दिली होती, एका वर्षापुरती."

"मग ती संपली कधी?"

"आदेशात संपली. सवलत सुरू करायचा आदेश निघतो बाई, संपल्याचा कोण काढतं?"

सॉफ्टवेअरच्या अभ्यासक्रमात मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते या एका वाक्यात होतं. सवलत कागदावर संपली होती आणि कोडमध्ये दहा वर्षं जिवंत होती.

याला आमच्या धंद्यात 'टेक्निकल डेट' म्हणतात, तांत्रिक कर्ज. कर्जाची ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरनी १९९२ मध्ये वापरली. ते तेव्हा वायकॅश नावाची, गुंतवणुकींचा हिशेब ठेवणारी प्रणाली लिहीत होते. समोरची माणसं पैशाच्या व्यवहारातली, म्हणून उपमाही कर्जाची सुचली. त्यांचा कर्जाला विरोध नव्हता. थोडं कर्ज घेतलं तर काम लवकर पुढे सरकतं, फक्त ते लवकर फेडावं, म्हणजे समज वाढेल तसा कोड पुन्हा लिहून काढावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे लोकांनी गबाळ्या कोडलाच तांत्रिक कर्ज म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना खुलासा करावा लागला: गचाळ लिहायची परवानगी मी दिली नव्हती, प्रश्नाची आजची समज आणि कोडमध्ये गोठलेली जुनी समज यांच्यातलं अंतर म्हणजे कर्ज.

हा खुलासा मला मूळ उपमेपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण सरकारी प्रणालीत हे अंतर रोज वाढतं. तुम्ही कोडला हात लावा किंवा लावू नका, कायदा बदलतो, अर्थसंकल्पात दर बदलतात, न्यायालयाचा निकाल येतो, निवडणुकीआधी नवी सवलत येते. सॉफ्टवेअर जागच्या जागी उभं असतं आणि कर्ज चढत असतं.

पण कर्जाची उपमा सरकारात एका ठिकाणी लंगडी पडते. घरात कर्ज काढणारा आणि फेडणारा सहसा एकच असतो, निदान एका छपराखालचे तरी असतात. इथे कर्ज काढतो तो अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. लिहिणारी कंपनी कंत्राट संपवून जाते. व्याज भरतो तो खिडकीसमोर उभा असलेला माणूस, आणि आपण व्याज भरतोय हे त्याला माहीतही नसतं. त्याला एवढंच ऐकू येतं: "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." तांत्रिक कर्जाचं लोकभाषेतलं नाव तेच. शिवाय खासगी ॲप नीट चालेना तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि मालकाला कळतं. सहाय्य मिळणारी म्हातारी दुसऱ्या सरकारकडे जाऊ शकत नाही. ती उद्या येते.

कर्ज वाढतं कसं, हे मी अगदी जवळून पाहिलं. आधी तारीख ठरते. उद्घाटनाची. मग तारखेपासून मागे मोजत काम बसवलं जातं, आणि मागे मोजताना पहिली कात्री लागते ती चाचणीला. एका नव्या मॉड्यूलच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी बटण दाबायचं होतं. बटणामागे काही तयार नव्हतं. आम्ही आदल्या रात्री एक पान बनवलं, दाबलं की फुलं पडायची आणि आकडे पळायचे. आकडे आम्हीच लिहिलेले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. ऋण काढून सण म्हणतात तो हाच, फक्त इथे सण एका दिवसाचा आणि ऋण पुढच्या कंपनीच्या नावावर. ते पळत्या आकड्यांचं पान पुढे दोन वर्षं सर्व्हरवर तसंच होतं. काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर लक्षात होतं, पण ते काढायला 'चेंज रिक्वेस्ट', म्हणजे बदलाची लेखी मागणी, लागली असती आणि न दिसणाऱ्या कामाच्या चेंज रिक्वेस्टवर सही करायला कोण बसलंय?

कंत्राटाची भाषाच तशी असते. नवीन अहवाल किती, स्क्रीन किती, किती दिवसांत. कोड वाचता येण्याजोगा आहे का, चाचण्या आहेत का, उद्या दुसऱ्या कुणाला हा संसार हाती घेता येईल का, हे टेंडरच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवणार? ज्याला भाव नाही ते कुणी पुरवत नाही. यात कंपनी वाईट असायची गरज नसते. मी त्याच कंपनीत होते आणि आम्ही काही वाईट माणसं नव्हतो.

आता 'बॅकएंडवरून करून द्या' याबद्दल.

सरकारी सॉफ्टवेअरमध्ये ज्यानं एक वर्ष काढलं असेल त्याला हे तीन शब्द झोपेतही ऐकू येतात. अर्जात जन्मतारीख चुकली, स्क्रीनवर दुरुस्तीची सोय नाही: बॅकएंडवरून करून द्या. मंजुरी चुकून नाकारली गेली: बॅकएंडवरून. वरून फोन आला: बॅकएंडवरून, आणि आज संध्याकाळपर्यंत. बॅकएंडवरून म्हणजे थेट डेटाबेसमध्ये शिरून नोंद बदलायची. प्रणालीत जे नियम, ज्या तपासण्या, जे मंजुरीचे टप्पे मेहनतीनं बसवलेले असतात ते सगळे बाजूला. मागे माग राहत नाही. कोणी बदललं, कोणाच्या सांगण्यावरून, आधी काय होतं, काही नाही.

मी एक महिना नुसती नोंद ठेवली. त्या महिन्यात अशा १४० विनंत्या आल्या. निम्म्याहून जास्त दोनच प्रकारच्या होत्या, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख. म्हणजे दुरुस्तीची एक स्क्रीन, दोन मंजुऱ्या आणि आधीचं मूल्य जपून ठेवणारा एक तक्ता, एवढं केलं असतं तर महिन्याला सत्तर-ऐंशी चोरवाटा बंद झाल्या असत्या. तीन आठवड्यांचं काम. ते करायला आम्हाला नऊ महिने लागले. कोड लिहायला नाही, मान्यता मिळवायला. मला सुरुवातीला वाटायचं की लोकांना मुद्दा कळत नाही. मग उमगलं की काहींना तो फार चांगला कळला होता. 'बॅकएंडवरून' ही सोय नव्हती, सत्ता होती. कुणाचं काम आज होईल आणि कुणाचं 'सर्व्हर डाऊन' होईल, हे त्या फोनवर ठरत होतं. तांत्रिक कर्जात कुणाकुणाचे हितसंबंध गुंतलेले असतात, हे तांत्रिक चर्चेत कधी निघत नाही.

आपण यात एकटे-दुकटे नाही, एवढं समाधान. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेनं २०१६ मध्ये जुन्या प्रणालींवर अहवाल दिला, त्यात देशाच्या अण्वस्त्र दलांच्या कामकाजाचं समन्वयन करणारी एक यंत्रणा १९७०च्या दशकातल्या आयबीएम संगणकावर आठ इंची फ्लॉपी लावून चालते, हे समोर आलं. त्या फ्लॉपी २०१९ मध्ये गेल्या. बातम्यांत फ्लॉपी गाजल्या, पण त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त बोचतो: संघराज्य सरकारच्या वर्षाच्या ८० अब्ज डॉलरहून अधिक माहिती-तंत्रज्ञान खर्चातला ७५ टक्क्यांहून जास्त हिस्सा आहे ते चालतं ठेवण्यावर जात होता. मुद्दलाला हात न लावता व्याज भरत राहायचं, ते इतकं.

जुनं म्हणजे वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारीच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर साद घातली आणि जगभर कोबोलची चेष्टा झाली. कोबोल १९५९ची भाषा आहे, हे खरं. पण तिच्यात पैशाचा हिशेब सहसा दशमान पद्धतीनंच होतो. नव्या भाषेत हौसेनं पुन्हा लिहिणारे अपूर्णांक कसेही साठवतात आणि मग लाखो खात्यांवर पैशा-पैशाचा फरक पडतो, तो शोधता शोधता डोळे जातात. भाषेचं वय हा प्रश्न नव्हताच. ती वाचणारी माणसं घरी पाठवली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत आणि मग एका सकाळी माणसं हवी झाली. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालं की विहीर खणणाऱ्यांनाच शोधायला लागतं.

माणसं घरी पाठवण्याचं याहून स्वच्छ उदाहरण कॅनडाचं आहे. तिथल्या संघराज्य सरकारनं कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी फिनिक्स नावाची प्रणाली आणली, फेब्रुवारी २०१६ मध्ये ती सुरू झाली. पैसे वाचणार होते, म्हणून ४६ खात्यांतल्या पगाराचं काम पाहणाऱ्या १,२०० सल्लागारांच्या जागा रद्द केल्या आणि मिरामिशी नावाच्या गावात एक केंद्र उघडलं, तिथे साडेचारशेच्या आसपास सल्लागार बसवले. ८०,००० हून अधिक पगाराचे नियम प्रणालीत बसवायचे होते. अंदाजपत्रक जमेना म्हणून आधी ठरलेल्या काही सोयी गाळल्या. मग कुणाला पगार नाही, कुणाला अर्धा, कुणाला दुप्पट, आणि दुप्पट मिळालेल्याला पुढे परत करण्याची नोटीस. त्यांच्या महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये याला अनाकलनीय अपयश म्हटलं.

ते वाचलं तेव्हा मला ताई आठवल्या. त्या १,२०० जणांत अशा किती ताई असतील? जुनी प्रणाली चुकायची तिथे हाताने दुरुस्त करणाऱ्या, कुठल्या आदेशाला कुठलं शुद्धिपत्रक आहे हे पाठ असणाऱ्या. जुनी प्रणाली चालत होती याचा अर्थ ती यंत्रावर चालत होती असा नाही. ती यंत्र आणि ताई मिळून चालत होती. नव्या प्रणालीच्या आराखड्यात यंत्राचा हिशेब आला, ताईंचा आला नाही.

आमच्याकडेही एक काळ असा आला की मी स्वतः 'सगळं पाडून नव्यानं लिहू' या पक्षात होते. तरुण होते, नवं फ्रेमवर्क शिकले होते आणि दुसऱ्यानं लिहिलेला कोड आपल्याला नेहमी स्वतःच्या कोडहून गचाळ दिसतो. सादरीकरणही केलं, अठरा महिन्यांचं वेळापत्रक, रंगीत चौकोन. तेव्हाच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "या अठरा महिन्यांत नियम बदलले तर किती ठिकाणी बदलायचे?" दोन ठिकाणी, मी म्हणाले. जुन्यात आणि नव्यात. "आणि नवीन प्रणालीला १७ नंबरच्या जिल्ह्याचं कोण सांगणार?" तोपर्यंत १७चा किस्सा खात्यात पसरला होता. माझे रंगीत चौकोन तिथेच संपले. तेव्हा राग आला होता. आज मी त्यांच्या जागी असते तर तेच विचारलं असतं.

सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये यावर एक उपमा दिली, ती त्यांना ऑस्ट्रेलियाच्या जंगलातल्या एका झाडावरून सुचली. आपल्याला ती समजावून द्यावी लागत नाही, कारण ते झाड वड-पिंपळाच्याच गोतावळ्यातलं. पक्षी बी टाकतो ते दुसऱ्या झाडाच्या फांदीत. तिथे रोप धरतं, मुळं खाली सोडतं, ती जमिनीला टेकली की जाड होतात, आणि कित्येक वर्षांनी बघावं तर आतलं मूळ झाड संपलेलं असतं आणि वड उभा असतो. मधल्या काळात एकही दिवस असा नसतो की त्या जागी झाड नाही. जुनी प्रणाली तशी बदलायची: तिच्या पुढ्यात एक पातळ थर ठेवायचा, एकेक काम नव्याकडे वळवायचं, जुन्यातलं ते काम बंद करायचं. उद्घाटनाला बटण राहत नाही, हीच तिची अडचण. ज्या दिवशी काहीच घडलं नाही त्या दिवसाचे फोटो कोण काढणार?

पण फांदीत बी टाकण्याआधी जुनं झाड नेमकं काय करतं हे तरी माहीत हवं. मी ताईंबरोबर महिनाभर दुपारी बसले. त्यांनी कपाटातून दोनशे जुनी प्रकरणं काढली, मुद्दाम अडनिडी: दुसरं लग्न झालेली विधवा, दोन जन्मतारखा असलेला म्हातारा, जिल्हा विभागल्यावर मधेच अडकलेली कुटुंबं. प्रत्येकाला किती सहाय्य मिळायला हवं ते त्यांनी नियमांवरून हाताने काढलं आणि मी त्याची एकेक चाचणी लिहिली. ही दोनशे प्रकरणं रोज रात्री आपोआप तपासली जाऊ लागली. त्या घरात पहिल्यांदाच असं झालं की एका खोलीत खिळा ठोकला तर दुसऱ्या खोलीतलं काय पडलं ते सकाळी कळायचं. इतक्या वर्षांच्या कामात मला कुठल्या गोष्टीचा अभिमान असेल तर त्या दुपारांचा.

पहिल्या रात्रीचा निकाल: १७१ जुळली, २९ नाही. सहा ठिकाणी माझं चुकलं होतं, दोन ठिकाणी ताईंचं (त्यांनी ते मान्य करायला आठवडा घेतला). उरलेली २१ प्रणालीची चूक. म्हणजे ती बरीच वर्षं चुकीची रक्कम देत होती, बहुतेक वेळा जास्त, काही वेळा कमी.

खरा पेच यानंतर सुरू झाला, आणि तो मी कुठल्याही तांत्रिक चर्चेत ऐकला नव्हता. कंपनीत बग, म्हणजे कोडमधली चूक, सापडला की दुरुस्त करतात. सरकारात बग दुरुस्त केला की प्रश्न येतो: मग आजवर जास्त दिलेल्या पैशांचं काय? नियमानं उत्तर एकच, वसुली. ज्या म्हातारीला दहा वर्षं पैसे मिळाले, जिनं एकही कागद खोटा दिला नव्हता, जिचं वय कोडनं ६०च्या अटीवर बरोबर ठरवलं होतं, तिला नोटीस. १७ नंबरच्या जिल्ह्यात अशी साडेआठशे नावं निघाली. ओळ १,१८६ खोडणं हे माझ्यासाठी एक बटण दाबण्याचं काम होतं, आणि त्या बटणाच्या पलीकडे साडेआठशे घरं होती. 'हात लावू नका' म्हणणारा तो आधीचा माणूस मला तेव्हा निराळा दिसू लागला. त्याला आळस असेल असं मी धरून चालले होते.

यंत्राची चूक माणसाच्या अंगावर कशी येते याची हद्द ब्रिटनमध्ये झाली. तिथल्या सरकारी मालकीच्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून होरायझन ही फुजित्सूनं पुरवलेली हिशेबाची प्रणाली वापरात आणली. तिच्यातल्या दोषांमुळे हिशेबात तूट दिसायची, आणि तूट दिसली की ती पोस्ट चालवणाऱ्या पोस्टमास्तरनं स्वतः भरायची, नाहीतर खटला. ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले. कायद्याचं गृहीतक असं होतं की संगणक नीट चालतो. तो चुकला हे दाखवायचं ओझं आरोपीवर. कोड बघायला मिळत नसताना ते दाखवायचं कसं? शेवटी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या.

आमचं प्रकरण त्यामानानं लहान, पण साहेबांनी ते ज्या पद्धतीनं सोडवलं ते मला अजून पटतं. त्यांनी कोडला हात लावू दिला नाही. म्हणाले, "आधी आदेश, मग कोड. तोंडी सूचनेनं आलेली ओळ तोंडी सूचनेनं जाणार नाही." प्रस्ताव गेला, मागे आला, पुन्हा गेला. चौदा महिन्यांनी आदेश निघाला: आधीच दिलेल्या रकमांना कार्योत्तर मंजुरी, वसुली नाही, चालू असलेल्यांचं सहाय्य पुढे चालू, नव्या अर्जांना सर्वत्र एकच अट. आणि आम्ही ती ओळ खोडली नाही, कोडमधून उचलून एका तक्त्यात ठेवली. त्या तक्त्यात प्रत्येक नियमाला चार रकाने सक्तीचे: कुठला आदेश, कधीपासून, कधीपर्यंत, कुणाच्या सहीनं. 'कधीपर्यंत' रिकामं ठेवलं तर नोंद होतच नाही. ताईंना तो रकाना फार आवडला. "आता संपल्याचा आदेश लागणार नाही," म्हणाल्या.

एस्टोनियानं हाच 'कधीपर्यंत' अख्ख्या प्रणालीला लावलाय. सरकारातली कुठलीही महत्त्वाची प्रणाली तेरा वर्षांपेक्षा जुनी नसावी, असं तिथलं धोरण. तेराच का, यावर वाद घालता येईल, पण जन्माच्या वेळीच मृत्यूची तारीख लिहिली की पैशांची तरतूद करावी लागते, आणि घरात माणसं ठेवावी लागतात. ही घरातली माणसं मात्र फार नाजूक चीज. अमेरिकेत २०१४ मध्ये १८एफ नावाची छोटी चमू सरकारच्या आत उभी राहिली, खात्यांना सॉफ्टवेअर विकत कसं घ्यावं आणि कसं लिहून घ्यावं हे शिकवणारी. मार्च २०२५ मध्ये ती एका फटक्यात बंद केली. जमवायला अकरा वर्षं, मोडायला एक रात्र. असं कर्ज कुठल्या अहवालात येत नाही.

आमच्या साहेबांनी जाता जाता आणखी एक गोष्ट केली. खात्यात खुर्ची, पंखा, कपाट यांची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद असते. एक खुर्ची मोडली तरी निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, ठराव लागतो. त्यांनी विचारलं, कोडमधली मोडकी खुर्ची कुठे लिहिता? कुठेच नाही. मग तशी एक नोंदवही सुरू केली. कागदोपत्री नाव 'ज्ञात त्रुटी नोंदवही', आम्ही तिला उधारीची वही म्हणायचो. त्रुटी काय, कधी कळली, त्यामुळे कुणाला त्रास होतो, किती दिवसांचं काम. पहिल्या यादीत ६३ नोंदी भरल्या. दर महिन्याला कामाच्या वेळेतला पाचवा हिस्सा त्या वहीसाठी, असं कंत्राटाच्या नूतनीकरणात घालून घेतलं. पाचवा हिस्सा थोडा वाटतो, पण शून्याच्या मानानं तो फार असतो.

साहेब बदलून गेले आणि दोन महिन्यांत लेखापरीक्षणाचा आक्षेप आला. मी तो कागद वाचला आहे. त्यात विचारलं होतं: ६३ त्रुटी खात्याला ज्ञात असूनही त्या मुदतीत दूर का केल्या नाहीत, आणि याची जबाबदारी कोणावर निश्चित केली? उधारी वहीत लिहिली म्हणजे कबुली दिली. न लिहिणारी बाकीची खाती निर्दोष. नवे साहेब हादरले, वही बंद करू या, म्हणाले. त्यांची चूक म्हणवत नाही. सही त्यांची असणार होती.

उत्तराचा मसुदा ताईंनी लिहिला, निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात. दीड पान. सुरुवातीला प्रत्येक नोंद कधी फेडली याचा तक्ता, मग एक परिच्छेद: सदर नोंदवही सुरू होण्यापूर्वी या त्रुटी अस्तित्वात होत्या, केवळ अज्ञात होत्या, त्या अज्ञात असताना झालेल्या जादा प्रदानाचा तपशील सोबत जोडला आहे. आक्षेप निकाली निघायला वर्ष लागलं, पण निघाला. वही राहिली.

मी ते काम सोडलं तेव्हा वहीत ४१ नोंदी होत्या. मूळच्या ६३ पैकी २२ शिल्लक, १९ नव्या. नव्यांतल्या सहा माझ्या कोडच्या होत्या, आणि त्यांतल्या दोनांवर 'कधीपर्यंत'ची तारीख उलटून गेलेली होती.